केसांचा गुंता करून मिळेल

आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी कुणीतरी नवीन बाई मला विचारते, "तुम्ही काय करता?" पार्लर आहे म्हटलं की तिचा हात आपोआप भुवयांकडे जातो. मग मी सांगते की भुवया आता रुखसाना करते, मी लोकांच्या केसांचा गुंता करून देते. मी चेष्टा करतेय असं समजून ती हसते. मोबाइलवरचे फोटो दाखवले की ते हसू मावळतं आणि ती म्हणते, "अगं बाई, ह्या तर जटा!" यंदा संपादकांनी लिहा म्हटलंच आहे, तर एकदाच काय ते सांगून टाकते. म्हणजे पुढच्या वर्षी मला बासुंदी तरी शांतपणे घेता येईल.

मी मूळची परभणीकडची. लग्न होऊन हैदराबादेत आले. नवरा काचीगुड्याला रेल्वेत नोकरीला. कोठीतल्या एका क्लासमध्ये मी पार्लरचं काम शिकले आणि बरकतपुऱ्यात आमच्याच घराच्या खालच्या खोलीत दुकान मांडलं. जोडीला रुखसाना, माझ्याच वयाची, जुन्या शहरातली. वीसेक वर्षं आम्ही दोघींनी भुवया कोरल्या, नवऱ्या मुली सजवल्या, मेंदी भिजवली. मग विद्यापीठात शिकायला येणारी आफ्रिकेतली मुलं आमच्या आसपासच्या गल्ल्यांत भाड्याने राहायला लागली. एक दिवस त्यांच्यातला एक उंच मुलगा दारात वाकून आत आला आणि त्याने विचारलं, माझे लॉक्स वळून द्याल का? मला ते कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. रुखसाना मागून म्हणाली, "हौ बोल दो बाजी, सीख लेंगे." मी हो म्हटलं. त्याने खुर्चीत बसून एका हातात आरसा धरला आणि दुसऱ्या हाताने मला शिकवलं. धंदा गिऱ्हाइकाकडूनच शिकायचा आणि वर त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, अशी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल.

लॉक्स म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगते. डोक्यावर कंगव्याच्या टोकाने छोटे छोटे चौकोन पाडायचे. एकेका चौकोनातले केस एकाच दिशेने पिळून त्यांची लट करायची. त्या लटा मग विंचरायच्या नाहीत. केस आतल्या आत एकमेकांना धरतात आणि काही महिन्यांनी प्रत्येक लटेचा दोरखंड होतो. कुरळे केस हे काम आपणहून करतात, आपण फक्त वळण लावायचं. सरळ केस मात्र हट्टी. त्यांना उलटा कंगवा मारून, क्रोशाच्या बारीक सुईने आतून ओढून ओढून बसवावं लागतं. मुळाशी नवे केस आले की महिना-दीड महिन्याने तेवढेच वळायचे. हौसेने वारंवार वळले तर मूळ पातळ होतं. आणि लोकांना वाटतं लॉक्सवाले न्हात नाहीत. उलट त्यांना धुण्याची आणि त्याहून जास्त वाळवण्याची काळजी. लट आतून ओली राहिली तर न वाळलेल्या कपड्यांचा येतो तसा वास येतो, आणि तो जाता जात नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने पांढरे कण बसतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचंच. नळाला पाणी आलं की रुखसाना पहिल्या दोन बादल्या लॉक्सवाल्यांसाठी बाजूला काढते. घरच्यांचा नंबर त्यानंतर.

गिऱ्हाइकंही एकेक. पुण्याचा चिन्मय, हायटेक सिटीत कॉम्प्युटरवर काम करणारा, केस माझ्या झाडूच्या काड्यांइतके सरळ. त्याला लॉक्स हवे होते. दोन पूर्ण दिवस रुखसाना आणि मी त्याच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी लागलो होतो. महिनाभराने त्याची आई पुण्याहून आली, ती थेट आमच्या दुकानात. हातात शंकरपाळ्यांचा डबा, डोळ्यांत पाणी. एवढा शिकलेला मुलगा, याला मुलगी कोण देणार, हा एकच प्रश्न तिने मला निरनिराळ्या प्रकारे विचारला. मी चहा दिला. रुखसानाने समजावलं, "बालां हैं बाजी, नौकरी तो नै गई ना." तेवढ्यात चिन्मय खुर्चीत बसला आणि मी सुई हातात घेतली. ती बाई रडता रडता थांबली. तिने आयुष्यभर क्रोशाची तोरणं आणि रुमाल विणले होते, आणि माझा हात बघून तिला राहवेना. सुई पकडायची तऱ्हा चुकतेय, मनगट दुखेल, म्हणाली. मग पदर खोचून अर्धा तास तिनेच पोराच्या डोक्यावर सुई चालवली आणि मला दाखवून दिलं. तेव्हापासून माझं मनगट दुखत नाही. ती आजही फोन करून आधी सुईची चौकशी करते, मग मुलाची.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण घरात मात्र एक माणूस होतं जे हसत नव्हतं. माझी आई.

आई परभणीकडच्या एका खेड्यात आरोग्य केंद्रावर नर्स होती. सगळं गाव तिला नर्सबाई म्हणे. बाळंतपणं, लशी, औषधं ही तिची नोकरी. पण ज्याच्यासाठी बाया तिची आठवण काढतात ते काम नोकरीतलं नव्हतं. एखाद्या बाईचे केस बाळंतपणात, आजारपणात नीट विंचरले गेले नाहीत की गुंतत. कुणीतरी म्हणे, ही देवीची जट, हिला हात लावायचा नाही. मग ती जट वाढत जाई, उवा होत, मानेला भार होई, आणि पोर असेल तर तिचं आयुष्यच देवीच्या नावाने बांधलं जाई. आई अशा घरी महिनोन्‌महिने जायची, चहा प्यायची, केसांचा विषयही काढायची नाही. बाईच्या मनातलं भय गेलं की मगच कात्री काढायची. तांबड्या मुठीची एक कात्री होती तिची, ती ह्या कामाशिवाय दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. वरच्या मजल्यावर तिची खोली. एक दिवस दुकानात सहज उतरली तेव्हा खुर्चीत एक मुलगा होता आणि मी त्याच्या लटा वळत होते. आई दारातच थांबली. संध्याकाळी मला म्हणाली, "मी जन्मभर बायांच्या डोक्यावरून जे उतरवलं, ते तू पोरांच्या डोक्यावर चढवायलीस." मी खूप समजावलं. हे वेगळं, ह्यांच्यात ही शान आहे, स्वच्छ असतं, स्वखुशीने असतं. तिने ऐकून घेतलं, पण त्यानंतर दोन वर्षं तिने दुकानाची पायरी चढली नाही. रागावली नव्हती. मला रोज जेवायला वाढायची, पण दिवस कसा गेला म्हणून विचारायची नाही. खरं सांगते, बाहेर कुणी जटा म्हटलं तर मी भांडायला उठत असे; घरातल्या त्या न विचारण्यापुढे मात्र मी गप्प होते.

आता माझ्या चुकीकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

नाव आपल्याकडचं वाटतं, पण नीमा टांझानियाची. विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. तिचे लॉक्स आठ वर्षांचे, कमरेपर्यंत आलेले, एकसारखे, बघत राहावं असे. हैदराबादेत राहून ती पक्की हैदराबादी झाली होती. रिक्षावाल्याशी "काइकु इत्ता बोलरे" म्हणून भांडायची. मे महिन्यात ती माझ्याकडे आली तेव्हा डोक्याची त्वचा कोरडी पडून खाजत होती. तिने स्पष्ट सांगितलं होतं की तेल अगदी थोडं, बोटाच्या टोकाने, फक्त मुळाशी. आणि मी काय केलं? मी परभणीची बाई. कोरडं डोकं दिसलं की माझा हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. वाटीभर तेल कोमट करून मस्त चंपी केली. पोरगी सुखावून पेंगायलाही लागली. मग अफझलगंजहून आणलेली शिकेकाई, रिठा, नागरमोथा कुटून उकळलेलं दाट पाणी, तेही न गाळता, तिच्या केसांना चोळचोळून लावलं. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच लावतात, असं वर भाषणही दिलं. रुखसाना दोनदा म्हणाली, "बाजी, ये भुकटी अंदर जारी." मी ऐकलं नाही.

मोकळ्या केसांतून शिकेकाईचा चोथा पाण्याबरोबर निघून जातो. लटेत तो आत जातो आणि तेलाने तिथेच चिकटतो. त्यात दुसऱ्या दिवशी तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती, तिने अर्धवट वाळलेले केस तसेच बांधून ठेवले.

पंधरा दिवसांनी नीमा डोक्याला फडकं बांधून आली. सोडलं तेव्हा वास आला. एक लट दाबून पाहिली तर तपकिरी कण बोटांना लागले. आणि मागची एक लट मधोमध इतकी पातळ झाली होती की ओढली असती तर हातात आली असती. ती आधी एका मोठ्या सलूनमध्ये जाऊन आली होती. तिथे त्यांनी सांगितलं, सगळे कापून टाका, दुसरा इलाज नाही.

मी म्हटलं, वाढतील पुन्हा. असं बोलायला नको होतं. नीमा रडली नाही. तिने शांतपणे सांगितलं की तिची आई गेली तेव्हा ती शाळेत होती. मोठी बहीण आशा कामाला जायची, धाकटीच्या रोज वेण्या घालायला तिला वेळ नव्हता. म्हणून तिने एका रविवारी नीमाचे लॉक्स सुरू केले, आणि मग दर रविवारी बहिणीला दोन्ही गुडघ्यांमध्ये बसवून ती ते वळत राहिली. नीमाचं जे काही ऐकायचं, रागवायचं, समजवायचं, ते सगळं त्या रविवारी. आता आशाचं लग्न होतं, सहा आठवड्यांवर.

"कापले तर ती मला काही बोलणार नाही, आंटी," नीमा म्हणाली. "ती काही बोलणार नाही, तेच मला नको आहे."

मी तिला बसवलं, रुखसानाला चहा करायला सांगितलं आणि वर गेले. आईकडे का गेले हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. कबुली द्यायला कुणीतरी लागतं माणसाला. आई पेपर वाचत होती. मी सगळं सांगितलं, तेल, शिकेकाई, रुखसानाचं न ऐकणं, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, जटांचं असंच होतं. आईने चष्मा काढला आणि दोनच प्रश्न विचारले.

"त्या पोरीला हायेत का हवे?"

"हवेत."

"कुणी भ्या घातलंय का तिला, कापलं तर असं हुईल, तसं हुईल?"

मी म्हटलं, भीती कुणी घातली नाही, तिला कापायचीच भीती आहे. आईने पेपरची घडी घातली. मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. नोकरीला नुकती लागली असताना एका पोरीला उवांसाठी दवाखान्यात आणलं होतं. जट पाहिली आणि आईने न विचारता, न समजावता, कात्री चालवली. चांगलं काम केलं म्हणून दिवसभर खूष होती. ती पोरगी पुन्हा कधी दवाखान्यात आली नाही, पुढे बाळंतपणालाही नाही. "मी तिच्या भल्याचंच केलतं," आई म्हणाली. "तूबी भल्याचंच केलंस. विचारलं दोघींनीबी नाही." त्यानंतर तिने नियम केला: आधी विचारायचं, आणि कापायची वेळ आलीच तर आधी ती जट स्वच्छ धुवायची. घाण म्हणून केस कापले तर बाईला जन्मभर वाटत राहतं की आपणच घाण होतो. धुऊन, मान देऊन कापले की ती हलकी होऊन उठते. म्हणजे कात्रीच्या आधीचं अर्धं काम जटा धुण्याचं होतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. दोन वर्षं हे माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर बसलं होतं आणि मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकत होते.

आई दुकानात उतरली. नीमा उठून उभी राहिली. आईने माझ्या महागड्या शॅम्पूच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हिच्यात मान आखडंल. गच्चीवर खाट टाका."

मग त्या दिवशी गच्चीवर जे चाललं ते सांगण्यासारखं आहे. नीमा खाटेवर उताणी, डोकं खाटेच्या कडेबाहेर, खाली मोठा टब. आई पाटावर. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून लटा भिजत ठेवायच्या, मग लिंबाचं पाणी ओतायचं. फसफसून वर तवंग आला की लट मुळापासून शेंड्यापर्यंत मुठीत दाबत न्यायची. मी पिळायला गेले तर आईने हातावर चापट मारली; पिळलं की आतला धागा तुटतो, दाबलं की घाण आपली आपण बाहेर येते. पहिलं पाणी चहासारखं निघालं. रुखसाना बादल्या आणत होती आणि पाचव्या बादलीला तिने जाहीर केलं की आज मोहल्ल्यात कुणाला पाणी मिळणार नाही. आई मराठीत बोलत होती, नीमा तिच्या हैदराबादीत, आणि दोघींचं इतकं छान जमलं होतं की मी मधे भाषांतराला गेले तर दोघीही माझ्याकडे त्रासून बघत. आईने तिला शेत आहे का विचारलं. नीमाने मका आणि केळी सांगितली. मग आईने तिच्या आईबद्दल विचारलं. नीमा बोलत राहिली आणि आई लटा दाबत राहिली.

आठव्या पाण्याला ते निवळलं. सगळ्या लटा उन्हात पसरल्या, वाळवणासारख्या अधूनमधून परतवत राहिलो. हे असं दर रविवारी, चार रविवार केलं. पातळ झालेली लट मी घेतली. नीमाच्या फडक्यात अडकलेले तिचेच सुटे केस गोळा केले आणि चिन्मयच्या आईने शिकवलेल्या पकडीने क्रोशाच्या सुईने ते त्या लटेत आतून विणून भरले. तीन बैठका लागल्या. ह्या वेळी प्रत्येक गोष्ट आधी विचारून केली. इतकी विचारली की शेवटी नीमा म्हणाली, "आंटी, अब पूछो नक्को, करो." आई खाटेवर बसून हसली.

नीमा घरी गेली. लग्नाच्या दोन दिवस आधी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन वर आईकडे पळाले. फोन कुणीतरी समोर टेकवून ठेवला होता. नीमा जमिनीवर बसली होती, तिच्या मागे खुर्चीत आशा, बहिणीला दोन्ही गुडघ्यांमध्ये घेऊन. आशा एकेक लट मुळापासून चाचपत चालली होती. आम्ही दोघी फोनला नाक लावून बघत होतो. मागच्या त्या लटेपाशी तिची बोटं थांबली. तिने ती दोन बोटांत फिरवली, हलकेच ओढून पाहिली, आणि काहीतरी विचारलं. नीमा बराच वेळ सांगत होती. मग आशाने वाकून सरळ आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"ती विचारते, ही लट कुणी वाचवली," नीमा म्हणाली.

मी प्रामाणिकपणे सुरुवात केली की मुळात ती मीच बिघडवली होती. आईने माझा दंड धरला.

"बिघडीवल्याचं कशाला सांगायलीस. लग्नघर हाय," ती म्हणाली. "तिला सांग, आम्ही दोघींनी मिळून सांभाळली."

ते पलीकडे ऐकू गेलंच होतं. नीमानेच बहिणीला ते सांगितलं. आशाने हसून दोन्ही हात जोडले, बहुधा नीमानेच तिला ते शिकवलं असावं. आईने "जयभीम, पोरी" म्हणून हात उंचावला आणि फोन बंद झाला. मी डोळे पुसत होते. आई चष्मा पुसत होती, किती वेळ.

"उद्याचं गिऱ्हाईक किती वाजता हाय?" तिने विचारलं.

"अकराला."

"मग साडेदहाला पाणी तापवून ठेवते," आई म्हणाली.